पडद्यावरचा गृहस्थाश्रम

(वसई येथे एका वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या आमच्या गुरुजींना चित्रपटाचे वेड नव्हते आणि त्याचा तिटकाराही नव्हता; परंतु वर्गातील एखादे पोर आदल्या रविवारी पाहिलेल्या सिनेमाची कथा मधल्या सुटीत हातवारे करून सांगू लागले, की ते खिशातले शेंगदाणे एकेक सोलीत, मध्ये एक अक्षरही न बोलता, ती अथपासून इतिपर्यंत ऐकून घेत, आणि नायकाने खलनायकाला लोळविले, प्रेमिकांचे मीलन झाले, सगळे कसे यथासांग पार पडले असे वाटू लागले, म्हणजे हातावरची फोलपटे झटकून एकच प्रश्न विचारीत: "हे सगळं झालं; पण त्या घरचं भाडं कोण भरत होतं?" पोर गप्प बसे. आम्ही हसत असू. त्या प्रश्नाचा पाठलाग आपल्याला उभा जन्म करावा लागणार आहे, याची जाणीव तेव्हा आम्हांस असण्याचे कारण नव्हते.

चालकांनी मला "लोकप्रिय चित्रपट आणि जीवनाचे तत्त्वज्ञान" असा भारदस्त विषय धाडला होता. तो स्वीकारताना मला संकोच वाटला, कारण चित्रपटातील तत्त्वज्ञान म्हटले की लोक तत्काळ त्यातील टाळ्यांची वाक्ये काढतात, जी रिक्षांच्या पाठीवर रंगविलेली असतात आणि जी हल्ली सकाळी सकाळी भ्रमणध्वनीवरून आपल्या माथी मारली जातात. माझा या वाक्यांवर फारसा विश्वास नाही. हृषीकेश मुखर्जींच्या १९७१ च्या "आनंद" मधील मोठ्या आयुष्याचे आणि लांब आयुष्याचे ते प्रसिद्ध अंतर कोणाला पाठ नाही? पण ते वाक्य बोलणारा बोलून जातो, ध्वनिफितीवर आपला आवाज ठेवून जातो, आणि मागे राहतो तो डॉक्टर भास्कर, ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखाना उघडावयाचा आहे. चित्रपटाचे तत्त्वज्ञान शोधावयाचे तर ते या मागे राहणाऱ्यांपाशी शोधावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. बाकीचे सर्व उदाहरणांचे पाल्हाळ समजावे.

आपल्या वसईच्याच इतिहासाकडे पाहा ना. पाठ्यपुस्तकात आपले गाव दोन वेळा येते: एकदा १७३९ साली चिमाजीअप्पांनी किल्ला सर केला तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने येथे इंग्रजांशी तहनामा केला तेव्हा, म्हणजे एकदा छाती फुगविण्यासाठी आणि एकदा मान खाली घालण्यासाठी. या दोन तारखांच्या मधली त्रेसष्ट वर्षे येथील वाड्यांना पाणी कोणी लावले, मिठागरांचे बांध कोणी घातले, फौजेचा दाणागोटा कोणाच्या कणग्यांतून गेला, याची नोंद कोणत्या दप्तरात असलीच तर ती वसुलाच्या रकान्यात असणार. इतिहासाचा पडदा आणि थिएटरचा पडदा यांत या बाबतीत फारसा भेद नाही. मात्र चित्रपटात कधी कधी असे घडते, की कॅमेरा नायकाकडे वळलेला असतानाच चौकटीच्या कोपऱ्यात चूल पेटलेली दिसून जाते.

ही चूल मी प्रथम पाहिली ती प्रभातच्या "संत तुकाराम" मध्ये. हा चित्रपट १९३६ चा. माझ्या वाट्याला तो आला तो पुष्कळ वर्षांनी, गणेशोत्सवात, आमच्या आळीच्या तोंडाशी दोन माडांना बांधलेल्या धोतरजोडीवर. पुढच्या बाजूला जागा न मिळाल्यामुळे आम्ही पोरे पडद्याच्या मागे बसलो होतो. तेथून सर्व काही दिसे, फक्त उलटे; तुकोबांच्या वीणेची जागा बदलली होती आणि मंबाजीच्या जागी चित्रपटात घातलेला तो सालोमालो नेहमी भलत्याच बाजूने येई. तुकोबांची बायको जिजाई मात्र उलट्या बाजूनेही सुलटच दिसली. दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकद्वयाने ही भूमिका गौरी या नटीला दिली होती, जी प्रभातमध्ये किरकोळ कामांपासून वर आली होती आणि जिच्या हालचालींत नाटकी अभिनयाचा मागमूस नव्हता. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील ती तल्लीनता लोकोत्तर होती यात शंका नाही. परंतु लोकोत्तराच्या घरी पीठ संपल्यावर काय होते, हे गौरीच्या चेहऱ्यावर दिसत होते.

या चित्रपटाचे महत्त्व तो १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला किंवा मुंबईच्या सेंट्रल सिनेमात वर्षाहून अधिक काळ चालला यात आहे, असे मला वाटत नाही. त्याचे महत्त्व यात आहे, की संताच्या चरित्रात संताची बायको ही अडचण म्हणून न दाखविता पूर्वपक्ष म्हणून दाखविली आहे. आपल्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडणाराला पूर्ण वेळ देण्याची वहिवाट आहे. त्याचे म्हणणे दुबळे करून मांडणारा भाष्यकार दुय्यम गणला जातो. येथे पोर आजारी पडल्यावर जिजाई त्याला ओढीत विठोबाच्या देवळात नेते आणि देवावर वहाण उगारते. ही फिर्याद आहे, आणि ती योग्य कचेरीत दाखल झालेली आहे! ज्याने नवरा नेला त्यालाच जाब विचारावयाचा, यात नास्तिक्य यत्किंचितही नाही. उलट देव ऐकतो आहे याची तुकोबांना होती तेवढीच खात्री तिलाही आहे. शिवाजीमहाराजांकडून नजराणा येतो, तुकोबा तो परत करतात, आणि आपण प्रेक्षक त्या निरिच्छतेने गहिवरतो. पण ज्यांनी घराचा हिशेब कधी लिहिला आहे त्यांची नजर त्या क्षणी परत चाललेल्या ताटाकडे नसून ते पाहत उभ्या असलेल्या पोरांकडे जाते. शेवटी विमान येते, तुकोबा जातात आणि जिजाई राहते. वैकुंठाचा मार्ग चित्रपटाने दाखविला तो एका माणसापुरता; दुसऱ्या दिवशीच्या भाकरीचा प्रश्न त्याने उघडा ठेवला, आणि मला वाटते, तो जाणूनबुजून ठेवला.

गुरुजींना मी हे पुढे केव्हातरी सांगितले. ते म्हणाले, "तुकोबांनी सावकारीचे कागद नदीत टाकले, हे खरं. पण ती नदीही कोणाच्या तरी शेतावरून जात होती, बाबा." त्याचा अर्थ मला अद्यापि पूर्ण उलगडलेला नाही.

आता मी आपल्या विषयाच्या मर्मस्थानी येतो, आणि ते मर्मस्थान म्हणजे जागा. मराठीत या शब्दाला दोन अर्थ आहेत. राहावयाचे ठिकाण आणि झोपेत नसलेला माणूस. मुंबईच्या परिसरात हे दोन्ही अर्थ एकाच मनुष्याच्या ठायी एकत्र नांदतात, कारण ज्याला जागा नाही तो रात्रभर जागा असतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हेच प्रमाण धरून ते गोठविले. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा होता, परिणाम असा झाला की आत होता तो सुरक्षित झाला आणि बाहेर होता तो कायमचा बाहेर राहिला. घरमालकाने भाड्यासाठी नव्या इमारती बांधणे सोडले, पागडीचा मामला सुरू झाला, आणि एका खोलीत तीन पिढ्या व दोन नवदांपत्ये अशी ती व्यवस्था निर्माण झाली, जिच्यावर १९७० साली राजा ठाकूर यांनी "मुंबईचा जावई" काढला आणि दोन वर्षांनी बासू चटर्जींनी त्याचेच हिंदी रूप "पिया का घर" या नावाने केले. या कथेत खलनायक नाही. जागा नाही, एवढेच आहे. आणि नवविवाहितेला एकांत मिळावा म्हणून घरातील वडीलधाऱ्यांची जी धडपड होते, तिच्यात जेवढा संकोच, विनोद आणि प्रेम आहे, तेवढे मला शृंगाररसाच्या कित्येक रसाळ ग्रंथांत सापडलेले नाही.

याच प्रश्नाची काळी बाजू १९७७ च्या "घरौंदा" मध्ये आहे. नोकरदार तरुण-तरुणी पै पै साठवून फ्लॅटचे हप्ते भरतात, बांधकाम करणारा त्यांना बुडवितो, आणि मग तो तरुण आपल्या प्रेयसीला सुचवितो की आजारी, श्रीमंत मालकाशी तू लग्न कर, तो फार दिवस काढावयाचा नाही. अमोल पालेकरांच्या सौम्य चेहऱ्यावरून हा प्रस्ताव निघतो म्हणून तो अधिक भयंकर वाटतो. जागेच्या हव्यासाने सज्जन मनुष्य कोठवर घसरतो याचे हे दर्शन आहे. परंतु कथेला खरी कलाटणी देते ती झरीना वहाब यांची छाया, जी लग्न झाल्यावर डॉक्टर लागूंनी रंगविलेल्या त्या एकाकी गृहस्थाच्या घराची खरोखरच गृहिणी होऊन बसते. कटाचा भाग म्हणून गेलेली बाई कर्तव्याचा भाग होऊन राहते. प्रेयसाला श्रेयस केव्हा मागे सारते याची चर्चा कठोपनिषदात आहे; छायेने ती औषधाचा पेला हातात धरून केली.

आणि मग १९८८ चा "अशी ही बनवाबनवी". येथे श्रोत्यांत हशा पिकला, तो अपेक्षितच होता. या सभागृहात असा कोण आहे ज्याला तो निम्मा तोंडपाठ नाही? धनंजय माने आपल्या भावाला व दोन मित्रांना बिऱ्हाडी आणतो, घरमालक सरपोतदार सगळ्यांना बाहेर काढतो, आणि लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांनाच जागा देतात म्हणून सुधीरची सुधा आणि परशाची पार्वती होते. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या "बीवी और मकान" ची. पण हिंदीत जी फारशी रुजली नाही ती मराठीत अशी रुजली, की आज पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी दूरदर्शन संचावर तो लागला म्हणजे घरातील माणसे हातातील काम टाकून बसतात. असे का व्हावे? लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्या जोडीचे कसब हे एक उत्तर झाले. दुसरे असे, की त्यात साडी नेसलेला पुरुष हा विनोदाचा विषय असला तरी त्याच्या खालचा विषय लाजिरवाण्या खऱ्या अनुभवाचा आहे: जागेसाठी माणसाने आपण नाही ते आहोत असे म्हणणे. भाड्याची खोली पाहावयास गेलेला मनुष्य आपले आडनाव, आपला आहार, आपली जात, आपले ब्रह्मचर्य, आपल्या पाहुण्यांची संख्या यांविषयी किती असत्य बोलतो, याची मोजदाद करावयाची झाल्यास मामलेदार कचेरीतले सर्व कारकून अपुरे पडतील. ज्याने हे असत्य बोलले आहे तो परशाला हसताना स्वतःला थोडेसे माफ करतो.

येथपर्यंत आपण सर्व भाडेकरूच्या बाजूने पाहिले, कारण चित्रपट त्याच बाजूने काढलेला आहे. पण मी वसईचा आहे. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत माझे बालपण गेले. म्हणून प्रत्येक वेळी हा चित्रपट पाहताना माझी दृष्टी नकळत लीलाबाईंकडे जाते. त्यांच्या घरी चार माणसे आली, त्यांनी चौघांनाही आसरा दिला, त्यांतल्या एकीचे डोहाळेही मनावर घेतले, आणि शेवटी कळले की यांतले बरेचसे सोंग होते. त्या क्षमा करतात व चित्रपट संपतो. वसईची गोष्ट ही लीलाबाईंची गोष्ट आहे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती समजू नका. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे परळ-लालबागच्या चाळींतील कुटुंबे, कोकणातून आणि उत्तरेतून आलेली माणसे, सगळी हळूहळू आमच्या लोकलच्या रुळांच्या शेवटाकडे सरकली, कारण नालासोपारा-विरारला अजून खोली परवडत होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावरील बांधकामबंदीचे कुलूप निघाले. ज्यांना त्यात वसईचा घात दिसला त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ केली. ज्यांना त्यात आपल्या मुलांच्या लग्नाचा खर्च दिसला त्यांनी सातबाऱ्यावर सह्या केल्या. आणि कित्येक घरांत एका भावाने मोर्च्यात भाग घेतला व दुसऱ्याने इसार. आमच्या घराविषयी मी अधिक बोलत नाही. २०११ च्या खानेसुमारीत महानगरपालिकेच्या हद्दीतील वस्ती बारा लाखांवर गेली होती, आणि विहिरींचे पाणी त्या प्रमाणात वाढले नव्हते.

या नव्या बिऱ्हाडकरूंवर रागावणे मला कधीच जमले नाही. ते खोटे बोलून आले नव्हते. खोटे बोलले असतील तर त्यांना नकाशे दाखविणारे. परंतु लीलाबाईंच्या क्षमेला चित्रपटात जी किंमत नाही, ती येथे होती, आणि ती वाडीत, विहिरीत व माडांत मोजली गेली, एवढे नमूद करणे मी या गावचा मुलगा म्हणून माझे काम समजतो. लीलाबाईंच्या दृष्टीने काढलेला "बनवाबनवी" अद्याप कोणी काढलेला नाही. काढला तर त्यात हशा थोडा कमी असेल.

गृहस्थाश्रमाची एक शाखा आपल्याकडे रुळांवर चालते. बीबीसीआय रेल्वेने १८६७ साली विरारहून मुंबईस गाडी सुरू केली, तेव्हापासून आमचे अर्धे आयुष्य घरात आणि उरलेले गाडीत अशी वाटणी झाली आहे. मी स्वतः चौतीस वर्षे चर्चगेटच्या एका कचेरीत कारकुनी केली. गाडीत बाया भाजी निवडतात, पुरुष पत्ते कुटतात, तिघांच्या बाकावर चौथा अर्ध्या मांडीवर टेकतो, आणि ज्याला "चौथी सीट" मिळाली त्याचा चेहरा इनाम मिळाल्यासारखा दिसतो. या गाडीचे तत्त्वज्ञान दोन हजार वर्षांपूर्वीच याच भूमीतल्या एकाने सांगून ठेवले आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तेथील बुरुडराजाच्या कोटात स्तूप उकरला. त्या शूर्पारकाच्या पूर्ण नामक व्यापाऱ्याने बुद्धाची दीक्षा घेतली आणि श्रोणापरांताच्या तापट लोकांत जावयाची आज्ञा मागितली. तथागतांनी विचारले, ते शिव्या देतील तर? पूर्ण उत्तरला, की मारीत तरी नाहीत, म्हणून भले लोक आहेत असे मी समजेन. मारतील तर? ढेकळे तरी फेकीत नाहीत. असे करीत करीत तो प्राण घेण्यापर्यंत येतो आणि तरी त्याचे समाधान ढळत नाही. सकाळच्या विरार लोकलमध्ये उभे राहून मी हा संवाद कितीदा आठवला असेन!

मात्र पूर्णाची क्षमा ही त्याने निवडलेली होती. गाडीतील मनुष्याची सहनशीलता त्याच्यावर लादलेली आहे. आणि हा भेद २००५ साली निशिकांत कामतांनी "डोंबिवली फास्ट" मध्ये जितक्या निर्दयपणे दाखविला तितका अन्यत्र दिसत नाही. संदीप कुलकर्णी यांचा माधव आपटे हा बँकेतला मनुष्य रोज सोसतो, रोज मनात टाचण करतो, आणि एके दिवशी क्रिकेटची बॅट घेऊन शहरात शिरतो. प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या. मीही दिल्या असत्या. पण माझ्या कानाशी शेंगदाण्याचे टरफल फुटले. माधव बॅट घेऊन फिरत होता त्या दिवसांत मुलांना शाळेत कोण सोडत होते? गॅसचा नंबर कोणी लावला? त्याच्या पत्नीचे, अलकाचे, ते दिवस चित्रपटात नाहीत असे नाही, पण ते कडेकडेने आहेत. आणि माधवाचा संताप कितीही न्याय्य धरला तरी त्याच्या खर्चाचा बोजा कोणाच्या नावावर चढला, हा फेरफार कोणीतरी नोंदवावयास हवा.

याच्या उलट मनुष्य पाहावयाचा तर संदीप सावंत यांच्या "श्वास" मधील आजोबा पाहावे. कोकणातल्या नातवाच्या डोळ्यांत कर्करोग निघतो. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, दृष्टी जाईल. अरुण नलावड्यांचे ते आजोबा कोणावरही हात उगारीत नाहीत. शस्त्रक्रिया लांबलेली पाहून ते पोराला इस्पितळातून गुपचूप बाहेर काढतात आणि एक दिवस त्याला जग दाखवितात. इस्पितळाच्या नियमांनुसार हा गुन्हाच होता. या एका दिवसाविषयी अधिक बोलू लागलो तर माझा कंठ मला साथ देणार नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी सरकविली आहे, तेव्हा एक गाडीतीलच प्रसंग सांगून मी आपली रजा घेतो. निवृत्तीच्या वर्षी एका संध्याकाळी चर्चगेटला आमच्या डब्यात भजनी मंडळ बसले होते. टाळ होते, डब्याचा पत्रा हाच पखवाज होता. त्यांनी बीज आणि वृक्षाचे ते सुप्रसिद्ध पद घेतले आणि त्याआधी बुवांच्या जागी बसलेल्या गृहस्थांनी हात जोडून तुकोबांचे नाव घेतले. आता ते पद गाथेत कोठेही नाही. ते शांताराम आठवल्यांनी प्रभातच्या "संत तुकाराम" साठी लिहिले, आणि भल्याभल्यांनी ते तुकोबांचेच मानले, हे मला ठाऊक होते. कारकुनाला दस्तऐवजातली चूक दिसली की स्वस्थ बसवत नाही. पद संपल्यावर मी त्या गृहस्थांना नम्रपणे हे सर्व सांगितले: कवीचे नाव, चित्रपटाचे नाव, साल.

त्यांनी टाळ मांडीवर ठेवून माझे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले.

"असेल," ते म्हणाले. "काका, तुम्ही जरा सरकता का? दादरला आमचे बुवा चढायचे आहेत."